जुन्या मशीनचं पॅनेल वाचताना

भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, वाळूज. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखानदाराशी बोलायला बसलं, की त्याच्या पहिल्या व्हीएमसीचा विषय निघतोच. व्हीएमसी म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर: उभ्या स्पिंडलचं, आपणहून टूल बदलणारं, संगणकाच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन. नवं घ्यायचं तर ऑर्डर यायच्या आधी कर्जाचा हप्ता दारात उभा राहतो. म्हणून पुष्कळांचं पहिलं मशीन जुनं असतं. कुणाचं मोठ्या कारखान्याने काढून टाकलेलं, कुणाचं जपान किंवा तैवानमध्ये वीस वर्षं राबून जहाजाने आलेलं.

घेताना माणूस लोखंड पाहतो, आणि ते बरोबरच आहे. स्पिंडलचा आवाज ऐकतो, डायल लावून रनआउट बघतो, बॉलस्क्रूची ढिलाई तपासतो, बेडवरचे ओरखडे हाताने चाचपतो. पॅनेलकडे मात्र ‘पडदा लागतोय ना’ एवढंच पाहिलं जातं. मशीन शेडमध्ये उतरतं, लेव्हल होतं, नारळ फुटतो, आणि मग लक्षात येतं की आपल्या ऑपरेटरचा हात ज्या कंट्रोलवर बसलाय तो हा नव्हे. बटणं साठ-सत्तर. काहींवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली, काहींवर जपानी लिपी. मागच्या कारखान्यातला जाणता माणूस फोन उचलत नाही.

हा लेख त्या पहिल्या आठवड्याविषयी आहे. तो नीट गेला तर मशीन पुढची दहा वर्षं निमूट काम करतं. घाईत गेला तर पहिल्याच जॉबला स्पिंडल वाइसवर आदळतं, आणि स्वस्तात घेतलेलं मशीन महाग पडतं.

एक पॅनेल, तिघांचं काम

अनोळखी पॅनेल घाबरवतं, कारण ते एकसंध वाटतं. खरं तर त्यावर तिघांचं काम शेजारी शेजारी असतं. पडदा आणि त्याच्या बाजूचा अक्षर-आकड्यांचा कीबोर्ड कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीचा. त्याखालची गोल फिरवायची निवडीची बटणं, रंगीत दिवे, चालू-बंदची बटणं मशीन बनवणाऱ्या कंपनीची. आणि आत मेमरीमध्ये आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं भरलेले आकडे. नव्या मशीनवर पहिले दोघेच असतात आणि दोघांचीही पुस्तकं सोबत येतात. जुन्या मशीनवर तिसरा असतो, आणि त्याने पुस्तक लिहिलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की बटणं पाठ करायला बसू नये. समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट या तिघांपैकी कोणाची आहे हे आधी ओळखावं. कोणाची हे कळलं, की उत्तर कुठे शोधायचं तेही कळतं, आणि किती विश्वास ठेवायचा तेही.

कागदी पट्टीचा वारसा

पॅनेल असं का दिसतं, याचं उत्तर सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे जातं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होते. पात्याचा वक्र आकार अचूक यावा म्हणून त्यांनी आणि त्यांचे इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरच्या बिंदूंचे आकडे पंचकार्ड यंत्रांवर काढायला सुरुवात केली. आकडे हाती आल्यावर पुढचा विचार साहजिक होता: हे आकडे माणसाने वाचून हँडल फिरवण्यापेक्षा यंत्रालाच का देऊ नयेत? १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कामासाठी पैसे दिले, एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा त्यात आली, आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीच्या एका मोठ्या मिलिंग मशीनला निर्वात नळ्यांचा कंट्रोल जोडून ते छिद्रांच्या पट्टीवर चालवून दाखवण्यात आलं.

ती पट्टी गेली, तिच्या खुणा राहिल्या. फॅनक या जपानी कंट्रोलच्या कीबोर्डवर ‘ईओबी’ नावाचं बटण असतं. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ते दाबायचं, कारण पट्टीवर ओळ कुठे संपली हे यंत्राला छिद्रानेच सांगावं लागे. प्रोग्राम बाहेरून पाठवताना आरंभी आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह लागतं, तेही पट्टीच्या काळातलंच. मोड निवडायच्या बटणावर ‘टेप’ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नये. त्या जागी आता संगणकाची केबल येते.

सगळ्यात बोलकी खूण मेमरीची. जुन्या फॅनकच्या कागदपत्रांत मेमरी मीटरमध्ये लिहिलेली असते: ८० मीटर, ३२० मीटर. पट्टीच्या एका इंचात दहा अक्षरं बसत, त्या हिशेबाने ८० मीटर म्हणजे साधारण ३२ हजार अक्षरं. आज डायचा एखादा वळणदार पृष्ठभाग कॅम सॉफ्टवेअरमधून काढला, तर त्याचा प्रोग्राम सहज त्याच्या अनेक पटींनी मोठा होतो. तो मेमरीत मावणारच नाही. तो केबलवरून ओळीओळीने पाजावा लागतो, आणि ‘टेप’ मोड आजही कामाला येतो तो इथे. जुन्या मशीनवर डायचं काम घ्यायचं की ड्रिलिंग-टॅपिंगचं, हे ठरवताना हा आकडा आधी पाहावा.

आपल्याकडच्या जुन्या मशीनवर बहुतेक वेळा भेटतो तो फॅनकच. जपानमध्ये फुजित्सु कंपनीत सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने १९५६ मध्ये न्युमरिकल कंट्रोल तयार केला. १९७२ मध्ये त्या कामाची फॅनक ही वेगळी कंपनी झाली, आणि फुजी पर्वताच्या पायथ्याशी ओशिनो गावात तिचं मुख्य ठाणं आहे. १९८०च्या दशकात आलेली तिची झिरो मालिका जगभर इतकी पसरली की आजही शेडमध्ये झिरो-एम चालताना दिसतो. शिवाय जर्मनीच्या सीमेन्सचा सिन्युमेरिक, हायडेनहाइनचा टीएनसी, जपानचाच मित्सुबिशी, अमेरिकेच्या हासचा स्वतःचा कंट्रोल अशी मंडळीही भेटतात. पुढचं बोलणं फॅनक डोळ्यांसमोर ठेवून आहे. पण वाचण्याची पद्धत सगळीकडे चालते.

पडदा आणि कीबोर्ड: कंट्रोलवाल्याचं काम

इथे सगळ्यात जास्त शिस्त असते. पुण्यातला झिरो-एम आणि ओसाकातला झिरो-एम यांचा कीबोर्ड सारखाच. त्यावरची पानं उघडणारी बटणं मोजकी आहेत: जागा दाखवणारं पोझिशन, प्रोग्राम, ऑफसेट, पॅरामीटर आणि निदान, अलार्म, ग्राफ. पहिल्या दिवशी एवढी सहा पानं उघडायची आणि बंद करायची. काही लिहायचं नाही, नुसतं बघायचं.

पोझिशनच्या पानावर एकाच वेळी चार हिशेब दिसतात. मशीनच्या मूळ शून्यापासूनचं अंतर, जॉबच्या शून्यापासूनचं अंतर, आपण हवं तेव्हा शून्य करू शकतो ते सापेक्ष अंतर, आणि चालू ओळ संपायला राहिलेलं अंतर. नवखा माणूस जॉबच्या अंतराकडे बघतो. मुरलेला सेटर राहिलेल्या अंतरावर नजर ठेवतो. टूल जॉबच्या वर बोटभर उंचीवर आहे आणि पडद्यावर झेडचं राहिलेलं अंतर ८० मिलिमीटर दिसतंय, म्हणजे काहीतरी चुकलंय, आणि ते टूल खाली येण्याआधी कळलं. ही एक सवय जितकी टूलं वाचवते तितकी दुसरी कुठलीच नाही.

दुसरी गोष्ट दशांश चिन्हाची. फॅनकवर नेहमीच्या मांडणीत ‘एक्स ५०’ असं टिंब न देता लिहिलं, तर कंट्रोल ते ५० मिलिमीटर समजत नाही. ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५० मिलिमीटर समजतो. सीमेन्सवर तेच लिहिलं तर ५० मिलिमीटरच होतात. आता पाहा काय होतं. सीमेन्सवर हात बसलेला ऑपरेटर फॅनकवर टूल वर उचलायला ‘झेड ५०’ लिहितो. टूल जॉबच्या वर पाच सेंटिमीटर उचललं जाईल अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात ते जॉबला जवळजवळ चिकटून राहतं, आणि पुढच्या ओळीला रॅपिडमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्यात जास्त वेगाने, आडवं सुटून क्लॅम्पवर जातं. फॅनकमध्येही एका पॅरामीटरने ही रीत बदलता येते, म्हणून जुन्या मशीनवर आधीच्या मालकाने काय ठेवलंय ते तपासूनच घ्यावं. तपासायला सोपं आहे: स्पिंडल रिकामं, टेबल मोकळं, आणि एमडीआयमध्ये, म्हणजे एकेक ओळ हाताने लिहून चालवायच्या मोडमध्ये, टिंब न देता एक छोटी चाल.

तिसरी टूलच्या लांबीची. सीमेन्स आणि हायडेनहाइनवर टूल बोलावलं की त्याची लांबी साधारणपणे आपोआप लागू होते. फॅनकवर ती जी-४३ आणि एच क्रमांक लिहून मागावी लागते. मागितली नाही, तर कंट्रोल टूल लावलेलंच नाही असा हिशेब करून खाली येतो.

बटणं आणि दिवे: मशीनवाल्याचं काम

कीबोर्डच्या खालचा भाग बदलला की कंट्रोलचं पुस्तक अपुरं पडतं. तिथली प्रत्येक कळ मशीन बनवणाऱ्याने आपल्या सोयीने बसवलेली असते आणि तिचा अर्थ त्याने लिहिलेल्या लॅडर प्रोग्राममधून येतो. एकाच कंट्रोलची दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं शेजारी ठेवली, तर पडदे सारखे आणि खालची पॅनेलं वेगळी दिसतील.

एम-कोडचंही तसंच. जी-कोड हे व्याकरण मानलं तर एम-कोड ही गावागावाची बोली. एम-०३ ने स्पिंडल फिरतं, एम-०५ ने थांबतं, एम-०६ ने टूल बदलतं, एम-०८ ने कूलंट सुरू होतं, इथपर्यंत सगळीकडे एकमत. त्यापुढचे, चिप कन्व्हेयर, हवेचा झोत, चौथा अक्ष पकडणं-सोडणं, हे मशीनवाल्याच्या मर्जीवर. ते आठवणीतून वापरू नयेत. मशीनच्या इलेक्ट्रिकल पुस्तकात त्यांची यादी असते. पुस्तक नसेल तर एकेक कोड एमडीआयमध्ये, टेबल रिकामं ठेवून, चालवून पाहायचा आणि वहीत लिहायचा.

जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेल्या मशीनवर जपानी अक्षरं असतात. त्यात घाबरण्यासारखं थोडंच आहे. आपत्कालीन बटण लाल, कुत्र्याच्या छत्रीसारखं, पिवळ्या पार्श्वभूमीवर, कुठल्याही देशात तेच. बाकीच्या बटणांच्या जागाही साधारण ठरलेल्या. एकेकाचा अर्थ फोनवरच्या भाषांतराने काढून खाली मराठी पट्टी चिकटवली, की काम झालं. मात्र पट्टी चिकटवण्याआधी बटण दाबून अर्थ पडताळावा. वीस वर्षांत एखाद्या बटणाचं काम कुणीतरी बदललेलं असू शकतं.

या भागात सगळ्यांत आधी शिकायचं ते थांबवणं. मी ज्यांच्याकडून हे पाहिलं ते कोल्हापूरकडचे एक सेटर होते. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाला पॅनेलसमोर उभं करत आणि एकच विचारत: “पोरा, हे बटण दाबल्यावर काय थांबत नाही ते सांग.” काय थांबतं हे सगळेच सांगतात. अपघात होतो तो न थांबणाऱ्या गोष्टीमुळे.

त्या प्रश्नाची उत्तरं अशी आहेत. फीड होल्ड दाबलं की अक्षांची चाल थांबते, स्पिंडल फिरतच राहतं. म्हणून फीड होल्ड करून हात आत घालायचा नसतो. टॅपिंगचं चक्र चालू असेल तर फीड होल्ड लगेच ऐकलंच जात नाही. टॅप वर येईपर्यंत मशीन चालू राहतं, कारण मध्येच थांबलं तर टॅप तुटेल. टॅपिंगमध्ये फीड कमी-जास्त करायचं बटणही निष्प्रभ असतं. रीसेट दाबलं की प्रोग्राम सुटतो. स्पिंडल थांबेल की नाही हे मशीनवाल्याने ठरवलेलं, तेव्हा करून पाहायचं. आपत्कालीन बटणाने ड्राइव्हची वीज जाते. पण ते दाबलं तेव्हा टूल बदलणारा हात अर्ध्यावर असेल, तर तो अर्ध्यावरच राहतो, आणि त्याला सोडवण्याची रीत प्रत्येक मशीनची वेगळी. ती रीत गरज पडायच्या आधी शिकून घ्यावी.

रॅपिडच्या वेगाचं बटणही असंच फसवतं. त्यावर १००, ५०, २५ टक्के आणि शेवटी ‘एफ-झिरो’ असतं. शून्य वाचून माणसाला वाटतं मशीन थांबेल. एफ-झिरो म्हणजे पॅरामीटरमध्ये ठरवलेला एक मंद वेग, थांबणं नव्हे. ‘ड्राय रन’ म्हणजे सुरक्षित चाचणी असंही नाही. त्यात प्रोग्राममधला फीड बाजूला राहतो आणि चाल पॅनेलवरच्या जॉगच्या वेगाने होते, जी कधी कधी लिहिलेल्या फीडपेक्षा कितीतरी जास्त असते. जॉब लावलेला असताना ड्राय रन म्हणजे टूल तोडायचं आमंत्रण. आणि ‘मशीन लॉक’मध्ये पडद्यावरचे आकडे धावतात, अक्ष जागचे हलत नाहीत. चाचणी संपल्यावर आकडे एकीकडे आणि टेबल दुसरीकडे अशी स्थिती होते. म्हणून मशीन लॉक काढल्यावर अक्ष पुन्हा होमला, म्हणजे मशीनच्या मूळ शून्याला, नेल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

मेमरीतले आकडे: आधीच्या मालकाचं काम

आता तिसरा. त्याला कुणी पाहिलेलं नसतं, पण त्याच्या सवयी मशीनमध्ये राहिलेल्या असतात. त्या वाचता येतात.

टूल ऑफसेटचं पान उघडा. तिथे उणे चारशे-पाचशेच्या घरातले आकडे दिसले, तर तो प्रत्येक टूल होमपासून खाली आणून जॉबला टेकवत होता आणि ते अंतर टूलची लांबी म्हणून भरत होता. शंभर-दीडशेच्या घरातले अधिक आकडे दिसले, तर तो टूलची खरी लांबी मोजून भरत होता, आणि उरलेलं अंतर जी-५४ च्या, म्हणजे जॉब-शून्याच्या, झेडमध्ये ठेवत होता. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण अर्धी टूलं एका पद्धतीची आणि अर्धी दुसरीची राहिली, तर आदळणं ठरलेलं. म्हणून नव्या मालकाने एक पद्धत ठरवावी आणि जुने सगळे आकडे, आधी उतरवून घेऊन, शून्य करावेत. जी-५४ ते जी-५९ च्या पानावर वरती ‘एक्सटर्नल’ किंवा ‘००’ नावाची एक ओळ असते. तिथला आकडा सगळ्या जॉब-शून्यांना एकदम सरकवतो. तिथे कुणीतरी विसरलेला आकडा असतो का, हे जरूर पाहावं.

प्रोग्रामच्या यादीत ९००० च्या पुढचे क्रमांक दिसले तर हात लावू नये. पुष्कळ मशीनवर टूल बदलण्याची सगळी हालचाल अशाच एखाद्या लपवून ठेवलेल्या मॅक्रोमध्ये असते. जागा करायला म्हणून तो पुसला, की एम-०६ बंद.

आणि पॅरामीटर. हे शेकडो आकडे मशीनला सांगतात की त्याचे अक्ष किती लांब आहेत, होम कुठे आहे, बॉलस्क्रूची ढिलाई किती धरायची, कोणत्या सोयी विकत घेतलेल्या आहेत. झिरो मालिकेत ९०० च्या पुढचे आणि नंतरच्या मालिकांत ९९०० च्या पुढचे पॅरामीटर या विकत घेतलेल्या सोयींचे. हे सगळं बॅटरीच्या जोरावर जिवंत असतं. झिरो-एममध्ये त्या टॉर्चमध्ये घालतात तशा मोठ्या गोल बॅटऱ्या असतात. त्या दरवर्षी बदलायच्या, आणि मशीन चालू ठेवून बदलायच्या. मशीन बंद करून काढल्या तर पॅरामीटर पुसले जाऊ शकतात. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मशीनचा सगळ्यात मोठा धोका हाच. पडद्याच्या कोपऱ्यात ‘बॅट’ अशी अक्षरं लुकलुकत असतील, तर आधी बॅटरी, मग बाकी सगळं.

मशीन सुरू झाल्यावर पहिलं लिखाणाचं काम म्हणजे पॅरामीटरची नक्कल काढणं. जुन्या कंट्रोलला पंचवीस पिनांचा सिरियल पोर्ट असतो. लॅपटॉप जोडण्याआधी दोघांची अर्थिंग एक आहे ना हे पाहावं, नाहीतर पोर्ट जळतो. केबल जमत नसेल तर मोबाइलने एकेका पानाचा फोटो काढावा. कंटाळवाणं काम आहे, पण एक दुपार त्यावर घालवलीच पाहिजे. इलेक्ट्रिकल कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पॅरामीटरचा मूळ छापील कागद खोचलेला असतो. तो सापडला तर त्याच्याशी ताडून पाहावं. जिथे फरक दिसेल तिथे आधीच्या मालकाने काही बदललं आहे.

त्याच कपाटात आणखी एक गोष्ट शोधावी: दाराचा सुरक्षा स्विच वायर टाकून निकामी केलेला आहे का. काम लवकर व्हावं म्हणून हे अनेक ठिकाणी केलेलं असतं. आपल्या शेडमध्ये ते पहिल्या दिवशी दुरुस्त करावं. आपला ऑपरेटर दार उघडल्यावर मशीन थांबेल या विश्वासावर हात आत घालणार आहे.

पहिली चाल

आता मशीन हलवायचं. त्याआधी वीज. आपल्याकडची थ्री-फेज ४१५ व्होल्टची, जपानची २०० व्होल्टची. त्यामुळे तिकडून आलेल्या मशीनला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचं टॅप बरोबर आहे का हे मोजूनच मेन स्विच ओढायचा. मग हवेचा दाब, कारण हवा नसेल तर टूल पकडणारी-सोडणारी यंत्रणा चालत नाही. मग स्लाइडवेचं तेल.

नंतर आपत्कालीन बटण सोडून हँडल हातात घ्यायचं. हँडलच्या एका टिचकीला १ मायक्रॉन, १० मायक्रॉन किंवा १०० मायक्रॉन अशी निवड असते आणि पूर्ण फेऱ्यात १०० टिचक्या. म्हणजे सगळ्यात मोठ्या निवडीवर एक फेरा १० मिलिमीटर. टेबलवर डायल लावून हे प्रत्यक्ष पाहावं. दहा टिचक्या एका दिशेला, मग दहा उलट. काटा मूळ जागी परतला नाही, तर जितका कमी पडला तितकी ढिलाई. पॅनेल शिकता शिकता मशीनची तब्येतही कळते.

मग होम. जुन्या मशीनला वीज गेली की स्वतःची जागा आठवत नाही. होमला नेईपर्यंत सॉफ्टवेअरने घातलेल्या मर्यादाही लागू नसतात, फक्त टोकाचे लिमिट स्विच असतात. म्हणून प्रत्येक अक्ष हँडलने होमपासून चांगला लांब आणायचा आणि नेहमी झेड आधी वर, मग एक्स आणि वाय. एमडीआयमधून झेड होमला नेताना जी-९१, जी-२८, झेड शून्य असं लिहितात. त्यात जी-९१ च्या जागी जी-९० पडलं, तर टूल आधी रॅपिडने जॉबच्या शून्यावर जातं आणि मग वर येतं. एका आकड्याचा फरक आहे, आणि तो मशीनवर मोजला जातो.

रॅपिडचा हिशेब सगळ्यांनी एकदा कागदावर करावा. मिनिटाला २४ मीटर म्हणजे सेकंदाला ४०० मिलिमीटर. काही चुकतंय हे दिसून बोट बटणावर पडायला पाव सेकंद लागला असं धरा, तेवढ्यात टूल १०० मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. रॅपिड २५ टक्क्यांवर असेल तर २५ मिलिमीटर. म्हणून नव्या प्रोग्रामला, नव्या मशीनला, नव्या माणसाला रॅपिड २५ टक्क्यांवरच. त्यात जाणारा वेळ वाया नसतो.

पहिला प्रोग्राम हवेत चालवायचा. त्यासाठी त्याच ‘००’ च्या ओळीत झेडला ५० किंवा १०० मिलिमीटर अधिक भरायचे, म्हणजे सगळा प्रोग्राम तेवढ्या उंचीवरून चालतो. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्के, एक हात फीडच्या बटणावर, नजर राहिलेल्या अंतरावर. एकेक ओळ वाचायची, पुढे काय होणार ते मनात म्हणायचं, मग सायकल स्टार्ट. आपण म्हटलं तेच मशीनने केलं, तर पुढची ओळ. वेगळं केलं, तर थांबून का ते शोधायचं, आणि शोधताना तेच तीन प्रश्न: हे कंट्रोलचं आहे, मशीनवाल्याचं आहे, की आधीच्या मालकाने ठेवलेलं? हवेतली फेरी पूर्ण झाली की ‘००’ ची ओळ पुन्हा शून्य, आणि मग जॉब. पहिला जॉब नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा, साधा चौकोन आणि चार भोकं. मोजून पाहिला, मापं आली, तर पॅनेल आपलं झालं.

वही

या आठवड्यात जे कळलं ते कुठे राहतं? बहुतेक शेडमध्ये एका माणसाच्या डोक्यात. तो दुसरीकडे गेला की पॅनेल पुन्हा अनोळखी. आपल्याकडे आयटीआयमध्ये सीएनसी शिकवतात, छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत उत्तम शिकवतात. पण तिथे शिकलेला मुलगा सारख्या असलेल्या गोष्टी शिकून येतो. या मशीनवर टूलचा हात अडकला तर कसा सोडवायचा, रीसेटने स्पिंडल थांबतं की नाही, कोणता एम-कोड काय करतो, बॅटरी शेवटची कधी बदलली, हे त्याला फक्त शेडमध्येच कळू शकतं. म्हणून प्रत्येक मशीनजवळ एक वही हवी, मराठीत, ऑपरेटर बोलतो त्या भाषेत, चित्रं काढलेली. ती मालकाच्या कपाटात बंद नको, पॅनेलशेजारी टांगलेली हवी. ती भरण्याचा वेळ हा कामाचाच वेळ समजून त्याचा पगार मिळायला हवा, रात्रपाळीतल्या मुलालाही तीत लिहिण्याचा हक्क हवा.

खंडेनवमीला आपण मशीनला हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी बॅटऱ्या बदलायच्या, पॅरामीटरची नक्कल ताजी करायची आणि वहीचं पान तपासायचं, असा नेम धरला तर वर्षाचं काम आपसूक होतं. कधीतरी हे मशीनही आपण विकू. तेव्हा ऑफसेटच्या पानावरचे आकडे आपले असतील, कपाटातल्या वायरी आपल्या असतील, आणि ते वाचायला दुसऱ्या गावातला एखादा मुलगा पॅनेलसमोर उभा राहील. त्याला फोन करायची वेळ येऊ नये म्हणून चावी देताना वही आणि पॅरामीटरची नक्कल मशीनसोबत द्यावी. किमतीच्या बोलणीत तिचा पैसा मागू नये. आपल्याला ती मिळाली असती तर किती आठवडे वाचले असते, तेवढीच तिची किंमत आहे.